मेळ्यात जावं, पण टेबल मिळत असेल तर

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बोर्ड गेमच्या धंद्यावर लेख आला होता. छोट्या प्रकाशकांनी चाहत्यांच्या मेळ्यांच्या, म्हणजे कन्व्हेन्शनच्या, फंदात पडू नये आणि तोच पैसा इंटरनेटवरच्या जाहिरातीत घालावा, असा त्यात सल्ला होता. हिशेब म्हणून लेखकाचं म्हणणं बिनचूक आहे. सल्ला मात्र मला पटला नाही. मी स्वतः या धंद्यात आहे, म्हणून हे पत्र.

रामबागेत आमचा जुना छापखाना आहे. सासऱ्यांच्या वेळी लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका आणि बिलबुकं छापली जायची. आता पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवरून जातात. मशीन रिकामं राहू लागलं, तेव्हा भाच्याच्या डोक्यातून खेळ छापायचं खूळ निघालं. पहिला खेळ आम्ही अनंत चतुर्दशीच्या झांक्यांवर केला. इंदूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: इथल्या कापड गिरण्यांचे कामगार विसर्जनाला रात्रभर चित्ररथांची मिरवणूक काढतात. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, कामगारांच्या थकलेल्या पैशांचं प्रकरण वर्षानुवर्षं कोर्टात राहिलं, पण झांकी निघायची थांबली नाही. आमच्या खेळात प्रत्येकानं वर्गणी गोळा करायची, झांकी उभी करायची आणि गर्दीतून वाट काढत ती राजवाड्यापर्यंत न्यायची.

आता तो हिशेब. डबा नऊशे रुपयांना. काप्पा बोर्ड (जाड पुठ्ठा), पत्ते, डाय-पंचिंग (साच्यानं कापणं), लॅमिनेशन आणि जीएसटी (सप्टेंबर २०२५ पासून बोर्ड गेमवर ५ टक्के, आधी १२ होता) जाऊन हातात पाचशेच्या आसपास उरतात. मुंबईत तीन बाय तीन मीटरचा स्टॉल, अवंतिका एक्स्प्रेसची तिकिटं, दोघांचं राहणं आणि खोक्यांचं पार्सल मिळून चाळीस हजारांच्या घरात जातं. म्हणजे ऐंशी डबे खपले की बरोबरी. दोन दिवसांच्या मेळ्यात एकाच खेळाचे ऐंशी डबे खपवणं आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरचं आहे, हे लेखकाला न सांगताही कळलं, त्यांचं कौतुक.

त्यांच्याकडून एक भानगड मात्र सुटली. मध्य प्रदेशातला व्यापारी महाराष्ट्रातल्या मेळ्यात माल विकायला बसला की त्याला तिथे ‘कॅज्युअल टॅक्सेबल पर्सन’ म्हणून वेगळी जीएसटी नोंदणी करावी लागते. किमान पाच दिवस आधी अर्ज करायचा, किती विक्री होईल याचा अंदाज बांधून तेवढा कर आगाऊ भरायचा, नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त ९० दिवसांची. छोट्या व्यापाऱ्याला एरवी उलाढालीची जी सूट मिळते, ती इथे नाही. जागेचा पुरावा म्हणून आयोजकांचं पत्र लागतं, आणि ते पत्र मागायला गेलं की ‘ताई, स्टॉल नंबर अजून ठरायचाय’ असं उत्तर येतं. सीए या कामाचे किती घेतो ते विचारू नका.

एवढं सगळं असूनही जावं, असं मी म्हणते. कारण सांगते.

एका मेळ्यात आमच्या टेबलावर चौघं खेळत होते. त्यात चाळिशीचं एक जोडपं होतं. गृहस्थ मन लावून खेळत होते, पण दर दोन-तीन खेळींनंतर दुसऱ्याच्याच वर्गणीच्या चकत्या उचलायचे. बायको म्हणाली, “अहो, ती तुमची नाही, हिरवी आहे ती.” त्यांनी चकती डोळ्यांजवळ नेली, उजेडाकडे धरली, आणि जरा ओशाळून म्हणाले, “मला ही आणि ती सारखीच दिसतात. लहानपणापासून.” लाल-हिरव्यातला फरक न कळणारे लोक, विशेषतः पुरुष, आपल्या आसपास भरपूर असतात, बहुतेकजण ते बोलून दाखवत नाहीत. आमच्या छापखान्यात प्रूफवरचा रंग भिंगाखाली घालून तपासणारी माणसं आहेत, पण सगळ्यांचे डोळे धड असल्यावर हे कुणाच्या लक्षात येणार? ते गृहस्थ इंटरनेटवरून डबा घेते, तर एकदा खेळून कपाटात टाकते. आम्हाला कधी कळलंही नसतं.

परत आल्यावर भाच्यानं प्रत्येक रंगाच्या चकतीवर एकेक चिन्ह टाकलं: ढोल, मोदक, दिवा, उंदीर. युक्ती काही नवी नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात, म्हणजे जुन्या पद्धतीच्या पत्त्यांत, दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येकाची बारा पानं, अशी एकशेवीस गोल पानं असतात. आणि तिथेही पानाच्या रंगावर भिस्त न ठेवता मासा, कासव, परशू अशी अवतारांची चिन्हं काढलेली असतात. दिव्याच्या उजेडात खेळणाऱ्यांना ही अडचण आमच्या कितीतरी आधी आली असणार.

दुसरं म्हणजे मोबाइल. खेळणारा खिशातून मोबाइल काढतो, त्या क्षणाकडे भाचा डोळे लावून बसलेला असतो. आमच्या खेळात लोक नेमके तिसऱ्या फेरीत मोबाइल काढायचे, कारण एकाची झांकी वळणावर अडली की बाकीच्यांना नुसतं बघत बसावं लागे. तोंडावर सगळे ‘मस्त आहे हो’ म्हणतात, घरचे तर हमखास. हात खोटं बोलत नाहीत. ही माहिती कुठल्या जाहिरातीतून मिळते ते लेखकानं मला सांगावं. जाहिरातीनं डबा जातो; तो उघडल्यावर टेबलावर काय झालं, ते आपल्यापर्यंत पोचत नाही.

या धंद्यातला एक फार गाजलेला खेळ मेळ्यातल्या ओळखीतूनच निघाला आहे. गॅरी गायगॅक्स यांनी १९६८ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावी पन्नास डॉलर भाड्यानं एक हॉल घेऊन खेळ खेळणाऱ्यांना जमवलं. तोच आजचा जेन कॉन हा मेळा. पुढच्या वर्षीच्या मेळ्यात त्यांची डेव्ह अर्नेसन या दुसऱ्या हौशी खेळाडूशी गाठ पडली, आणि १९७४ मध्ये दोघांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ छापला गेला, पहिली आवृत्ती फक्त हजार प्रतींची. गायगॅक्स तेव्हा कुणी बडे प्रकाशक नव्हते. हॉल भाड्यानं घेणारे हौशी गृहस्थ होते.

मात्र ‘मेळा’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी भरतात. जर्मनीत एसेनला १९८३ पासून ‘श्पील’ हा खेळांचा मेळा भरतो. २०१९ मध्ये तिथे दोन लाखांवर लोक आले. पण खरी गंमत आकड्यात नाही. तिथे प्रकाशक स्टॉलमध्ये टेबलं मांडतात, नियम समजावणारी माणसं उभी करतात, लोक बसतात, खेळतात आणि मग घ्यायचं की नाही ते ठरवतात. आपल्याकडच्या बऱ्याच मेळ्यांत रंगीत कपडे, फोटो, स्टेजवरचा कार्यक्रम आणि कान बसवणारे स्पीकर हे मुख्य आकर्षण असतं. पोरं हौसेनं नटून येतात, ते छानच दिसतं, तक्रार नाही. पण तिथे चार माणसं पाऊण तास एका जागी बसत नाहीत. डबा हातात घेतात, उलटा करतात, ‘चौदा वर्षांवरच्यांसाठी’ वाचून मुलाकडे बघतात आणि ठेवून देतात. (चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे. डब्यावरचा तो चौदाचा आकडा कितीदा बुद्धीपेक्षा परवान्याशी जोडलेला असतो, हे आईबापांना कोण सांगणार?)

म्हणून स्टॉलचा अर्ज भरण्याआधी मी आयोजकांना फोन करून एवढंच विचारते की बसून खेळायला टेबलं आहेत का, आणि स्टेज किती लांब आहे. टेबल नसेल तर नमस्कार करून फोन ठेवते. आयोजकांनाही माझं सांगणं आहे: सजवलेल्या स्टॉलऐवजी आम्हाला एक टेबल आणि पाच खुर्च्या स्वस्तात द्या, विक्रीची सोय सामाईक ठेवा. निदान एका टेबलाचा दर ठरवून तर बघा.

आणि सुरुवात इंदुरातच का होऊ नये? आपल्या गावात विकायला दुसऱ्या राज्याची नोंदणी नको, अवंतिका नको, लॉज नको. महाराष्ट्र साहित्य सभेसारखी जुनी संस्था इथे आहे, मराठी मंडळं आहेत, गणेशोत्सवात दहा दिवस कार्यक्रम शोधत फिरणारे कार्यकर्ते आहेत. एका दुपारी पत्ते, पट आणि सोंगट्या मांडल्या तर आजीपासून नातवापर्यंत सगळे बसतील. आजीनं सारीपाटाची एखादी खोच सांगितली, तर भाचा ती वहीत उतरवून घेईलच. इंदूर, देवास, उज्जैन इथल्या ज्यांनी खेळ तयार करून घरात ठेवले आहेत, त्यांनी अर्धवट, हातानं कापलेले खेळ आणले तरी चालतील. अर्धवट असताना आणले तर उलट बरंच. कापून, लॅमिनेट करून द्यायला आमचा छापखाना आहे, खर्चाच्या भावात.

कुठल्या मंडळाची तयारी असेल तर आपल्याकडे कळवावं, ही विनंती. आपण आमच्यापर्यंत निरोप पोचवाल, ही खात्री आहे. टेबलं आम्ही आणू. फक्त हॉल असा द्या की पंखे एकेक करून बंद करता येतील. पत्ते उडतात.

आपली,
एक वाचक आणि खेळ-प्रकाशक,
रामबाग, इंदूर