बोर्ड घेण्याआधी काट्यावर ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी आपल्या पुरवणीत स्टँड-अप पॅडलिंगच्या, म्हणजे पाण्यावर बोर्डावर उभं राहून वल्हं मारायच्या खेळातल्या, शर्यतीच्या बोर्डांवर लेख आला. मराठवाड्यातल्या पेपरात या खेळाला पाऊण पान मिळालं याचा मनापासून आनंद झाला. कात्रण मी शेडच्या भिंतीला चिकटवलं आहे. पण लेख आल्यावर दोन दिवसांत मला चार फोन आले आणि चौघांनी एकच विचारलं, "चौदा फुटी कार्बनचा बोर्ड कुठं मिळेल?" लेखात लांबी होती, किंमत होती, फोटो होते. बोर्ड आतून कसा असतो आणि आपल्याकडच्या उन्हात त्याचं काय होतं, यावर एक ओळही नव्हती. म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

मी नांदेडला फायबरचं काम करतो. कूलरच्या बॉड्या, पाण्याच्या टाक्या, बाथरूमचे दरवाजे. बावीस वर्षं झाली. विष्णुपुरीला शंकरसागर जलाशयावर पॅडल मारायला जाणारी काही पोरं आमच्या सिडकोतलीच. त्यातल्या एकानं तीन वर्षांपूर्वी नाकाशी फुटलेला बोर्ड आणला. "काका, टाकीसारखाच आहे, भरून द्या." मीही टाकीसारखाच भरायला घेतला. नेहमीचं पॉलिस्टर रेझिन, त्यात हार्डनर, वर काचेच्या धाग्यांची मॅट. ब्रश फिरवला आणि थोड्या वेळात ब्रश आत जायला लागला. बघतो तर आतला पांढरा गाभा गुळाच्या खड्यासारखा विरघळत होता. मूठ मावेल एवढा खड्डा पडला. पॉलिस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं आणि बोर्डाच्या पोटात असतो थर्माकोल, म्हणजे पॉलिस्टायरीन. स्टायरीन त्याला खाऊन टाकतं. अशा बोर्डाला इपॉक्सी हे दुसरं रेझिनच लागतं, तेही टोपणानं अंदाजे नाही, वजनकाट्यावर मोजून. त्या पोराचं नुकसान मी भरून दिलं आणि त्या दिवसापासून या वस्तूचा नीट अभ्यास सुरू केला.

तर बोर्डाच्या आत थर्माकोल असतो. फ्रिजच्या खोक्यात येतो त्याच जातीचा, फक्त नीट आकारात कापलेला. चौदा फुटी बोर्डाचं आकारमान 270 लिटर धरा, थर्माकोल घनमीटरला 18 किलोचा धरा, तर अख्खा गाभा पाच किलोच्या आत बसतो. त्याला स्वतःची ताकद जवळपास नसते, अंगठ्यानं दाबला तर दबतो. ताकद सगळी वरच्या कातड्यात. चांगल्या बोर्डात आधी काचेचं कापड आणि इपॉक्सी, त्यावर तीनेक मिलिमीटर जाडीचा पीव्हीसी फोमचा कडक थर, त्यावर पुन्हा काचेचं किंवा कार्बनचं कापड. हे सगळं प्लास्टिकच्या आवरणात घालून पंपानं आतली हवा ओढून घेतात. थर एकमेकांना घट्ट बसतात आणि जादा रेझिन बाहेर येतं. दोन पातळ थर एकमेकांपासून थोडे लांब ठेवून चिकटवले की ते वाकायला तयार होत नाहीत. पुठ्ठ्याच्या खोक्यातला पन्हाळीदार कागद हेच काम करतो. स्वस्त बोर्डात हा मधला थर गाळलेला असतो. वरून रंग सारखाच, पण टाचेखाली दोन महिन्यांत खळगे पडतात.

कार्बन ताठ असतो आणि हलका असतो, हे खरं. पण टोकदार मार त्याला सोसत नाही. काचेच्या कापडाला मार बसला की ती जागा पांढरी पडते आणि दिसते. कार्बन वरून धड दिसतो आणि आत तडकलेला असतो. त्यात कार्बन म्हणून विकलेल्या प्रत्येक बोर्डात तो सगळीकडे असतोच असं नाही. काहींत फक्त वरच्या बाजूला असतो, काहींत मधोमध एक पट्टी. विकणाऱ्याला सरळ विचारावं की कार्बन कुठल्या थरात आहे आणि वर-खाली दोन्हीकडे आहे का. सांगता येत नसेल तर त्याच्याकडून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेचे क्रीडाशिक्षक आहेत. 2024 च्या मार्चमध्ये मंगळूरजवळ सशिहित्लूच्या किनाऱ्यावर या खेळाची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. तिचे व्हिडिओ बघून त्यांच्या शाळेतली लेकरं मागे लागली. सरांनी माजी विद्यार्थ्यांकडून वर्गणी केली आणि परराज्यातून एक जुना बोर्ड मागवला. 14 फूट लांब, 23 इंच रुंद, काळा कुळकुळीत, वजन 11.6 किलो असं सांगितलेलं. जानेवारीत सर तो छोटा हत्तीत टाकून माझ्याकडे घेऊन आले. अर्धा बोर्ड गाडीच्या बाहेर, टोकाला लाल फडकं बांधलेलं. लेकरं म्हणत होती, हा नुसता डुलतो, पळत नाही.

मी दुसरं काही न बघता तो काट्यावर टांगला. 16.2 किलो. सांगितलेलं वजन खरं धरलं तर साडेचार किलोच्या वर पाणी आत होतं. मग एक रुपयाचं नाणं घेऊन तळ ठोकत गेलो. माठ घेताना आपण टिचकी मारतो तसंच. चांगल्या जागी टणटण आवाज येतो, थर सुटलेल्या जागी भदभद. शेपटाकडच्या वीतभर भागात आवाज बसलेला होता. फिन, म्हणजे तळाला लावायचा माशाच्या परासारखा पंख, जिथं बसते त्या खाचेच्या कडेला केसाएवढी भेग सापडली. मागच्या मालकानं ती भेग घेऊन बरेच महिने बोर्ड पाण्यात घातला असणार. थर्माकोलच्या मण्यांमध्ये बारीक फटी असतात, त्यातून पाणी मुरत जातं आणि मुरलेलं पाणी सहजी बाहेर येत नाही.

मी खाच उकलली, बोर्ड शेपूट खाली करून उभा केला, सावलीत पंखा लावला आणि रोज सकाळी भिंतीवर खडूनं वजन लिहायला लागलो. 16.2, 15.8, 15.1. दहाव्या दिवशी 14.3. सव्विसाव्या दिवशी 13.4 वर आला आणि तिथून हलला नाही. मग इपॉक्सीनं खाच पक्की केली. बोर्ड आज चालतो, पण ज्या हलकेपणासाठी पैसे मोजले होते तो गेला. सर बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत उभे होते. मग म्हणाले, "भाऊ, मी काय बघायला पाहिजे होतं?"

पहिलं वजन. जुना बोर्ड असेल तर समोर काटा ठेवून, आणि फोटो मागवायचा तर काट्यावरच्या आकड्यासकट. मग नाणं. मग फिनची खाच, नाक, दोन्ही कडा आणि उचलायच्या मुठीच्या भोवतालची जागा, कारण पाणी शिरतं ते बहुतेक इथूनच.

त्यानंतर बोर्डावर उभं कोण राहणार ते बघायचं. सरांचं वजन 84 किलो, लेकरांचं 40 ते 50. एक लिटर आकारमान पाण्यावर साधारण एक किलो पेलतं, त्यामुळे 270 लिटरच्या बोर्डावर 45 किलोचं लेकरू उभं राहिलं की बोर्ड पाण्यात बसतच नाही. पाचोळ्यासारखा वर राहतो, वारा त्याला ढकलतो आणि लेकराला वाटतं आपल्यालाच जमत नाही. दोष मापाचा असतो. रुंदीचंही तसंच. 23 इंच म्हणजे जेमतेम 58 सेंटिमीटर, एवढ्या अरुंद बोर्डावर सरावलेला माणूस उभा राहतो. शिकणाऱ्याला 26-27 इंच पाहिजे. थोडा वेग कमी मिळेल, पण जो बोर्डावर उभा आहे तोच पॅडल मारू शकतो. पडून-चढून दमलेल्या लेकराला अरुंद बोर्डाचा काहीच फायदा नाही.

शर्यतीच्या नव्या बोर्डांत उभं राहायची जागा खोलगट केलेली असते, लहान होडीत उभं राहिल्यासारखी. पाय पाण्याच्या पातळीजवळ जातात, शरीराचा तोल खाली येतो आणि म्हणून अरुंद बोर्डही सांभाळता येतो. पण त्या खोलगट भागात पाणी साठतं, ते बाहेर जायची भोकं पुरेशी आहेत का हे बघावं. नाकाचा आकार पाण्यावरून ठरवावा. विष्णुपुरीचं पाणी नदीच्या पात्रातलं, लांबलचक. तिथं पाणी कापत जाणारं धारदार नाक आणि सपाट तळ चालतो. नाथसागराचा विस्तार मोठा. दुपारी वारा सुटला की तिथं लाटा उठतात. धारदार नाक अशा लाटांत घुसतं, म्हणून तिथं नाक थोडं वर उचललेलं आणि भरीव हवं. (नाथसागर 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथं उतरण्याआधी वन विभागाची परवानगी घ्या, हिवाळ्यात पाहुणे पक्षी असतात तेव्हा तर नक्कीच.)

लांबीचा हट्ट मात्र मला पटत नाही. पाण्यावर तरंगणाऱ्या अंगाचा वेग त्याच्या लांबीच्या वर्गमुळावर चालतो. होड्यांचा जो जुना हिशोब आहे त्यानं 14 फुटाला ताशी 9.3 किलोमीटर येतात आणि 12 फूट 6 इंचाला 8.8. त्याच्या पुढे जायला दम फार जास्त लागतो. तासाला अर्धा किलोमीटर. निवडक खेळाडूंसाठी हा फरक मोठा आहे. आठवीतल्या लेकराला तो जाणवणारही नाही, पण दीड फूट जास्तीचा बोर्ड वळवताना आणि उचलून नेताना रोज जाणवेल.

आता उन्हाचं, जे मला सगळ्यात कळकळीनं सांगायचं आहे. हे बोर्ड ज्या देशांत घडले त्यातल्या बऱ्याच ठिकाणी आपल्यासारखा मे महिना नसतो. आपल्याकडे पारा 42-43 वर जातो आणि उन्हात ठेवलेला काळा पृष्ठभाग 70 अंशांच्या पुढे तापतो. गाभ्यातली हवा फुगते, साध्या तापमानाला सुकवलेलं इपॉक्सी एवढ्या उष्णतेत मऊ पडतं आणि कातडं सुटतं. भाकरी टम्म फुगून पापुद्रा सुटतो, अगदी तसं. पहिल्या पोराचाच दुसरा बोर्ड असा गेला. टिनपत्र्याच्या शेडमध्ये आढ्याला बांधून ठेवला होता आणि आतली हवा बाहेर सोडायचा स्क्रू घट्ट आवळलेला होता. एप्रिलच्या एका आठवड्यात पाठीवर ताटाएवढा फुगा आला. हा स्क्रू प्रत्येक थर्माकोलच्या बोर्डावर शोधा. काहींत तो हातानं उघडायचा असतो, पाण्यात जाताना बंद आणि वर आलं की लगेच सैल. काहींत गोअर-टेक्सचा पडदा असतो, जो हवा जाऊ देतो आणि पाणी अडवतो. आपल्याकडे पडद्याचाच घ्यावा, कारण लेकरं स्क्रू विसरणारच. बोर्ड पांढरा किंवा फिका घ्यावा. ठेवायचा तर निंबाखाली, जुन्या चादरीत गुंडाळून. काळा कार्बन बघायला देखणा असतो हे मलाही मान्य आहे, तरी मराठवाड्यात मी तो शाळेला घेऊ देणार नाही.

शाळांनी हवा भरून फुगवायच्या बोर्डाचा विचार जरूर करावा. त्यात वरचं आणि खालचं कापड हजारो दोऱ्यांनी आतून एकमेकांना जोडलेलं असतं, म्हणून हवा भरल्यावर तो ट्यूबसारखा गोल न होता पाटासारखा सपाट आणि ताठ राहतो. आंतरराष्ट्रीय कॅनू महासंघाच्या स्पर्धांत 12 फूट 6 इंचापर्यंतच्या अशा बोर्डांचा वेगळा गट असतो, म्हणजे हा कमी दर्जाचा खेळ नाही. गुंडाळला की एसटीच्या डिकीत मावतो. फक्त हवा बघावी. सकाळी 25 अंशाला 15 पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच माप) भरली आणि बोर्ड उन्हात 65 अंशांपर्यंत तापला तर दाब 19 च्या घरात जातो, आणि शिवण उसवायची भीती असते. काठावर आलात की थोडी हवा सोडा.

फिन मागे झुकलेली घ्या, जलपर्णी तिच्यावर अडकत नाही, घसरून जाते. मार्चनंतर पाणी उतरलं की बुडालेल्या बाभळींची खुंटं आणि दगड वर येतात, तेव्हा काठापासून लांब राहा. लाइफ जॅकेटशिवाय कुणालाच उतरू देऊ नका, चांगलं पोहता येणाऱ्यालाही नाही.

सरांनी आता तो काळा बोर्ड स्वतःच्या सरावाला ठेवला आहे आणि लेकरांसाठी दोन हवेचे बोर्ड घ्यायचं ठरवलं आहे. माझी संपादकांना विनंती आहे की पुढच्या लेखात फोटो दोन कमी छापा आणि बोर्डाचा एक आडवा छेद काढून दाखवा. चित्र काढणाऱ्याला बघायला माझ्याकडे फुटलेल्या बोर्डाचा कापलेला तुकडा आहे, मी आणून देईन. परभणी, हिंगोली, लातूर, कुठलाही वाचक जुना बोर्ड घेणार असेल तर व्यवहार करण्याआधी रविवारी सकाळी तो आमच्या शेडवर घेऊन यावा. तपासायचे पैसे लागणार नाहीत. आदल्या दिवशी मात्र पाण्यात घालू नका. पुसून, कोरडा करून, फिन काढून आणा.

आपला नियमित वाचक,
एक फायबर कारागीर, सिडको, नांदेड