तीर्थनला जाणाऱ्या सभासदांसाठी सूचना

मंडळी, मेअखेरीस संभाजीनगरहून हिमाचलच्या तीर्थन नदीवर ट्राउट मासे धरायला निघायच्या आधी एवढं वाचा. तिथली नदी उन्हाळ्यात आपल्या गोदावरीसारखी आटत नाही, उलट चढते. दिवसभर बर्फ वितळतं, त्यामुळे दुपारनंतर पाणी फुगतं, गढूळतं. म्हणून गळ भल्या सकाळीच, तेव्हा पाणी त्यातल्या त्यात निवळ असतं. झोपाळूंनी आत्ताच विचार करावा!

ट्राउट थंड पाण्याचा मासा. पाणी २० अंशांपुढं गेलं की प्राणवायू कमी पडून तो लवकर थकतो. खालच्या उथळ पाण्यात आधी थर्मामीटर बुडवा, मगच फ्लाय (गळाला बांधलेली खोटी माशी) टाका. धरलेला मासा परत पाण्यात सोडताना हात ओले हवेत, फोटोचा सोस आवरा. मत्स्य विभागाचा परवाना ज्याचा त्यानं काढायचा. धरणावर गळाला लावतो ते कणकेचे गोळे घरीच राहू द्या.