रिकाम्या उत्तराचा गुंता सोडवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

नाव घालू नका म्हणालात, म्हणून घालत नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत. नाशिक परिसरात पॅकहाऊस, वजनकाटे, शीतगृहं यांची सॉफ्टवेअर सांभाळणारे आमच्यासारखे बरेच जण आहेत, आणि जुन्या सोप सर्व्हिसशी (दोन प्रोग्रॅमनी नेटवर्कवरून एक्सएमएलमध्ये निरोप धाडायची पद्धत) त्यांचीही कधी ना कधी गाठ पडतेच.

पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाऊसमधून प्रत्येक पॅलेटचं वजन निर्यातदाराच्या सर्व्हरला कळवायचं, एवढंच आमच्या प्रोग्रॅमचं काम. ऐन द्राक्ष हंगामात तिकडच्या यादीत एकेक पॅलेट दोन-दोनदा दिसायला लागलं. क्रमांक तोच, वजन तेच, वेळेत काही सेकंदांचा फरक. कंटेनर न्हावा शेव्याला निघायच्या बेतात आणि कागदावर माल दुप्पट! आमच्या लॉगमध्ये मात्र दर वेळी ‘प्रिमॅच्युअर एंड ऑफ फाइल’, म्हणजे उत्तर वाचून व्हायच्या आतच संपलं. समोरची मंडळी छातीठोकपणे सांगत होती की आमची सर्व्हिस ठणठणीत आहे. ठणठणीत होतीच म्हणा, नोंदी जरा जास्तच मन लावून करत होती.

एरर गिळून टाका आणि पुढे चला, असा सल्ला सगळीकडून मिळत होता. तुम्ही एकट्यांनी विचारलंत, “उत्तर म्हणून नेमकं काय येतंय ते उघडून बघितलंत का?” बघितलं. एचटीटीपी २०२ ॲक्सेप्टेड (‘निरोप घेतला’ एवढंच सांगणारा कोड), कंटेंट लेंग्थ शून्य, त्याखाली काहीही नाही. मग तुम्ही डब्ल्यूएसडीएल फाइल, म्हणजे सर्व्हिस काय घेणार आणि काय परत देणार याचा लेखी करार, उघडायला लावलीत. तिथे वजन कळवायच्या ऑपरेशनला इनपुट होतं, आउटपुटही होतं, फक्त आउटपुटच्या मेसेजमध्ये एकही पार्ट, म्हणजे मजकुराचा भाग, नव्हता.

इथून पुढे तुम्ही जे समजावलंत, ते मी वहीत लिहून ठेवलंय. २००१ च्या डब्ल्यूएसडीएल १.१ मध्ये पार्ट नसलेला मेसेज चालतो, त्यामुळे व्याख्या चुकीची नव्हती. पण ऑपरेशनमध्ये आउटपुटच नसेल तर ते एकतर्फी. तिथे पाकीटच, म्हणजे निरोपाभोवतीचं एन्व्हलप, परत येत नाही. आउटपुट आहे पण मेसेजला पार्ट नाही, तर डॉक्युमेंट-लिटरल पद्धतीत (जाहीर केलेलं एलिमेंटच जसंच्या तसं बॉडीत जातं ती) एन्व्हलप यायलाच हवं, आतली बॉडी रिकामी. म्हणजे कोरं पाकीट. आणि पार्ट एखाद्या रिकाम्या एलिमेंटकडे बोट दाखवत असेल, तर पाकिटात कागद येतो, त्यावर मथळा असतो, मजकूर नसतो. आपल्या कराराने कोरं पाकीट कबूल केलं होतं आणि सर्व्हर एकतर्फी असल्यासारखा वागत होता. आमचा क्लायंट एन्व्हलप शोधायचा, मिळालं नाही की पाठवणं फसलं असं धरायचा आणि तीच नोंद पुन्हा धाडायचा.

एरर का गिळायची नाही, यावर तुम्ही घेतलेला तास (तासच होता तो!) मला सगळ्यात मोलाचा वाटतो. गिळली असती तर दुप्पट नोंदी थांबल्या असत्या, पण त्याच भगदाडातून खरा फॉल्टही, म्हणजे सर्व्हरने कळवलेली चूकही, निसटला असता. वेब सर्व्हिसेसच्या बेसिक प्रोफाइलमधला (सर्व्हिस एकमेकींशी जुळाव्यात म्हणून केलेल्या नियमावलीतला) आर२७२७ हा नियम तुम्ही दाखवलात: एकतर्फी ऑपरेशनला दोनशेच्या घरातलं उत्तर आलं, म्हणून मेसेज वैध आहे किंवा त्यावर काम होणार आहे, असं क्लायंटने धरायचं नाही. आम्ही त्या २०२ वर विसंबून पॅलेटवर हिरवी खूण करणार होतो! जावामध्ये वनवे (एकतर्फीची खूण) लावलं की मेथडला चेक्ड एक्सेप्शन, म्हणजे आधीच सांगून ठेवायची चूक, का जाहीर करता येत नाही, तेही तेव्हाच उमगलं: उत्तरच येणार नसेल तर चूक परत येणार कशी! डब्ल्यूएसडीएलच्या २००७ मधल्या २.० आवृत्तीत उत्तर नाही पण फॉल्ट परत येऊ शकतो, अशी ‘रोबस्ट इन-ओन्ली’ नावाची सोय आहे म्हणालात आणि लगेच, “पण आपल्याकडे वापरतंय कोण?”

समोरच्या कंपनीला जाणारी मेलही तुम्हीच तपासून दिलीत, एकही टोमणा न ठेवता. (माझ्या कच्च्या मसुद्यात बरेच होते.) त्यांनी आउटपुटला रिकामं रिस्पॉन्स एलिमेंट दिलं, फॉल्ट जाहीर केला. उद्या पावती क्रमांक परत द्यायचा झाला तर त्याच एलिमेंटमध्ये जागा आहे. शिवाय प्रत्येक नोंदीला स्वतंत्र क्रमांक द्यायचा आग्रह तुमचाच. उत्तर वाटेत हरवलं आणि नोंद पुन्हा गेली, तरी सर्व्हर आता ती ओळखतो. निफाडकडच्या नेटवर्कचा भरवसा धरणारा माणूस मला अजून भेटायचाय.

प्रीकूलिंगच्या (शीतगृहात ठेवण्याआधी माल झटपट गार करायच्या) तापमानाची सर्व्हिस मात्र तुम्ही सांगितल्याप्रमाणे एकतर्फीच ठेवली आहे. एखादं वाचन हुकलं तर पुढचं मिनिटाभरात येतंच.

द्राक्षांची एक पेटी पाठवतोय. पैशाचं नाव काढू दिलं नाहीत, निदान एवढ्याला तरी नाही म्हणू नका.

आपला,
अंबड एमआयडीसीतला तुमचा एक विद्यार्थी