घेऊन जा गे मारबत

नागपूर,
12 सप्टेंबर

प्रिय बंड्या,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या द्यायच्या असतील तर आधी देऊन घे, मी थांबतो. झालं? फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू आधी हसतोस, तू हसलास की मीही हसतो, आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून पोस्टाने. पाकीट घ्यायला गेलो तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "काका, कुरियरनं कायले नाही पाठवून राहिले?" त्याला काय सांगू, की हे पत्र जितकं उशिरा पोचेल तितकं मला बरं आहे.

तब्येत ठीक. बीपीची गोळी चालू. साखर काठावर. माझा कान दुखतो असं सुमीने तुला सांगितलं असेल. तो कान खोटा आहे. पुढे येईलच.

इथे येऊन दीड वर्ष झालं. पहिले सहा महिने मी गॅलरीत उभा राहून वर्धा रोडवरच्या मेट्रो मोजल्या. मग हिनेच कुठूनतरी शोधून काढलं की बाहेरगावाहून नागपुरात राहायला आलेल्या निवृत्त लोकांचं एक मंडळ आहे, आणि माझे 500 रुपये परस्पर भरून टाकले. नियम एकच. गावात येऊन तीन वर्षं झाली की माणूस जुना ठरतो, मग त्याने नव्यांना जागा द्यायची. आमचे पुणेकर येत्या दिवाळीत जुने होतात. त्यांनी अर्ज केलाय की नागपूर मला अजून नवीनच वाटतं, सबब मुदत वाढवून मिळावी.

आडनावं कोणी वापरत नाही. पुणेकर, भुसावळकर, भिलाईवाल्या वहिनी, नांदेडचे गुरुजी, आणि मी सांगलीकर. गंमत बघ, सांगलीत असताना मी कोण होतो? पाटबंधारेतला कारकून, चौतीस वर्षं रजिस्टरं. इथे कोणी हळदीचा विषय काढला की सगळे माझ्याकडे बघतात. भडंग संपलं की माझ्याकडे बघतात. आणि माणूस असा आहे बंड्या, की चारचौघांनी बघितलं की तो बोलायला लागतो.

फिरणं भरपूर होतं. शनिवारी सकाळी तर्री पोहे आणि चालणं, महिन्यातून एक सहल. पंधरा ऑगस्टला सीताबर्डीच्या किल्ल्यावर गेलो. तो लष्कराच्या ताब्यात आहे, लोकांना ठरावीक दिवशीच उघडतात. 1817 ची लढाई पुणेकरांनी अशी समजावली की जणू भोसल्यांनी यांचा सल्ला ऐकला असता तर इंग्रज आल्या वाटेनेच परत गेले असते. त्याआधी सावजी, इथलं जहाल तिखट जेवण. आपण तांबडा रस्सा पिऊन वाढलेले, म्हणून मी छाती पुढे काढून दुसरी वाटी मागितली. पुढचे दोन दिवस मी काय भोगलं ते हिला विचार. तेव्हाच शहाणा व्हायला हवं होतं. फुशारकीची ती पहिली वाटी होती.

आता मुद्दा.

जुलैमध्ये रामटेकला गेलो. गडमंदिर, कालिदासाचं स्मारक, वानरांनी भिलाईवाल्या वहिनींची केळी नेली, सगळं रीतसर झालं. मग खिंडसीला बोटिंग. पाऊस नुकताच उघडलेला, तळं भरत आलेलं, पलीकडे हिरवे डोंगर. सगळे जॅकेटं चढवून बोटीत बसले, पण नांदेडचे गुरुजी आले नाहीत. "मी सामान बघतो," म्हणाले आणि काठावर सगळ्यांच्या पिशव्या-चपला घेऊन बसले. परत आल्यावर भुसावळकरांनी त्यांना घाबरट म्हणून छेडलं. भुसावळकर म्हणजे रेल्वेचे गार्ड, मागच्या डब्यात एकटं बसून बसून आता त्यांना बोलायला माणसं लागतात. गुरुजी काही बोलले नाहीत. मग भुसावळकर माझ्याकडे वळले. "सांगलीकर, तुम्ही तर पाण्यातलेच की हो."

मी हो म्हणून गप्प बसायचं होतं. बसलो नाही. मी पूर सांगितला, बंड्या. आपला पूर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या कठड्यावरून मारलेली उडी, मागून सदाच्या धाकट्याने मारलेली, तो धारेत सापडलेला, आणि मग काठ हाताशी आलेला असताना मागे वळून त्याच्याकडे जाणं. सगळं जसंच्या तसं. फक्त तुझ्या जागी मी.

ठरवून केलं नाही रे. "माझा एक मित्र" असंच तोंडात जुळवलं होतं, बाहेर पडताना "मी" झालं. एकदा झालं म्हटल्यावर मग मी थाप पक्की करायला लागलो. इशारा पातळी 40 फूट, धोक्याची 45, त्या दिवशी पाणी कुठे होतं, धार कुठल्या कमानीखालून कशी मारते. चौतीस वर्षं ते आकडे मी रजिस्टरात उतरवले, कधी कोणाच्या उपयोगी पडले नाहीत, आणि पडले ते इथे. आकडे ऐकल्यावर पुणेकरसुद्धा गप्प झाले. एवढं एक तरी माझ्या खात्यावर मांड.

आणखी एक आहे. हे लिहायला मघापासून टाळतोय, मध्ये उठून चहा करून आलो. गोष्टीत काठाकाठाने हरिपूरपर्यंत कपडे घेऊन धावणारा कोणीतरी लागतो की नाही? तो मी तुला केलं. हो. तुझी एक चप्पल वाटेत पडली हे तू मला अजून ऐकवतोस, तर आता ऐक, नागपुरात ती माझी चप्पल आहे आणि ती तू हरवलीस. मला पंत हे नाव तूच ठेवलंस, घाटावर म्हाताऱ्यासारखा कपडे राखत बसायचो म्हणून. ते नाव मात्र तुला दिलं नाही. इतका निर्लज्ज नाही झालो.

हसलास ना? हस. पण पुढचं ऐक.

परतीच्या बसमध्ये गुरुजी माझ्या शेजारी येऊन बसले. मनसरपर्यंत काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "तुम्ही वळलात." एवढंच. पुढच्या शनिवारपासून सेमिनरी हिल्सला ते माझ्यासाठी थांबायला लागले. फुटाळ्याकडे, अंबाझरीकडे ते जातच नाहीत, पाणी दिसेल असा रस्ताच घेत नाहीत. चौथ्या की पाचव्या शनिवारी सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ गोदावरीत गेला, बारा वर्षांचा. बरोबर पोरं होती, पोहणारी होती, सगळी काठाला लागली. "कोणी वळलं नाही," म्हणाले. "मी त्यांना दोष नाही देत. पोरंच ती. पण पन्नास वर्षं मला वाटायचं की अशा वेळी कोणीच वळत नसतं. तुम्ही भेटलात म्हणून कळलं, वळतात."

बंड्या, मी तिथे काय बोललो असेन सांग. मी म्हणालो, "गुरुजी, घाम आलाय, थोडं बसू या."

तेव्हापासून हा माणूस माझा मित्र आहे. पासष्टीनंतर मित्र होत नसतो हे तू वहिनींना सांगून मला ऐकवलंस, आठवतं? झाला. हे घरून माझ्यासाठी ज्वारीच्या लाह्या आणतात. माझं पेन्शनचं अडलेलं काम यांनी सहा अर्ज लिहून मार्गी लावलं, अक्षर काय आहे म्हणतोस! आम्ही भांडतोसुद्धा. कोकिळा हिवाळ्यात कुठे जाते यावर आमचं पंधरा दिवस वाजलं होतं. म्हणजे खरी मैत्री आहे. आणि ती तुझ्या उडीवर उभी आहे.

आता कान. गुरुजींचा नातू दहा वर्षांचा आहे. त्याला आजोबांनी आजवर टबापलीकडे पाण्यात जाऊ दिलेलं नाही. ऑगस्टमध्ये मला म्हणाले, "त्याला पोहायला शिकवायचं ठरवलंय. शिकवायला पोट्टे आहेत तलावावर, पण तुम्ही पाण्यात असाल तरच." मी! मला भोपळा सोडून दोन पायऱ्यांपलीकडे जाता येत नव्हतं, तुझ्यासमोर घडलंय. म्हणून कान. कानाला ठणका, डॉक्टरने पाणी वर्ज्य सांगितलंय. गुरुजी तेव्हापासून दर शनिवारी कानाची चौकशी करतात. लसणाचं तेल करून आणलं. घातलं मी ते. चांगल्या कानात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मंडळाने मारबत बघायला नेलं. तू बघायला हवीस. काळी आणि पिवळी, दोन अजस्र पुतळे, महाल-इतवारीच्या गल्ल्यांतून माणसांचा पूर, आणि बरोबर बडगे, म्हणजे आणखी पुतळे, ज्याचा राग येतो त्याचे, महागाईचे, भ्रष्टाचाराचे. पोरंटोरं बेंबीच्या देठापासून ओरडतात, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" गावातली सगळी घाण तिच्या माथी मारून तिला बाहेर नेऊन जाळतात. भुसावळकर ओरडले, "गुडघेदुखी घेऊन जा गे मारबत!" पुणेकर ओरडले, "नियम क्रमांक एक घेऊन जा!" गुरुजी शेजारी होते, मला म्हणाले, "सांगलीकर, तुमचा कान द्या तिला." आणि माझ्यासाठी स्वतः ओरडले. सत्तर वर्षांचा मुख्याध्यापक, आयुष्यात वर्गाबाहेर आवाज चढवला नसेल. "सांगलीकरांचा कान घेऊन जा गे मारबत!"

त्या रात्री झोप लागली नाही. हिने कूलर बंद कर म्हटलं, तोही केला नाही.

कारण थाप एवढीच असती तर मी पचवली असती. चप्पल तुझी की माझी, उडी तुझी की माझी, कोणाला काय फरक पडतो! पण सदाचा धाकटा कठड्यावर उभा राहून खाली बघत होता, तेव्हा त्याला "पायजमा ओला झाला का रे?" असं कोण म्हणालं, ते तिघांनाच माहीत आहे. तू घरी सांगितलं नाहीस. सदालाही नाही. मलाही त्याबद्दल कधी एक शब्द बोलला नाहीस, आणि 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं असताना तू वरच्या मजल्यावर अडून बसलास म्हणून मी फोनवर तुला मूर्ख, आडमुठा, काय काय म्हणालो, तेव्हासुद्धा नाही. तेव्हा मला तोच शब्द अपेक्षित होता. तू फक्त म्हणालास, "पंत, मी कधी बुडलोय का?"

गुरुजींच्या गोष्टीत मी न वळणारा पोरगासुद्धा नाही रे. त्याच्याही खालचा.

आता तुझं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कळलं. जिना चढतोस का? नातीचं नक्की झालं का, मुलगा कुठला? दुकान देऊन टाकलंस ते बरं केलंस की वाईट, मला ठरवता येत नाही. वहिनींना नमस्कार. वहिनींना हे पत्र वाचून दाखवू नकोस. म्हणजे दाखवशीलच, पण पायजमा गाळ.

तू नोव्हेंबरात येतो म्हणाला होतास. महाराष्ट्र एक्स्प्रेस सांगलीहून थेट आहे, खालची बर्थ माग. अडचण अशी की मी शहाण्याने गुरुजींना सांगून बसलो, मित्र येतोय. ते हरखले. म्हणाले, "तोच ना, कपडे घेऊन धावलेला? त्यांनाही भेटायचंय. तसा माणूसही लागतो हो काठावर."

दोन वाटा दिसतात. एक, तू येऊन चार दिवस पंत व्हायचं. तू होशील, मला माहीत आहे, आणि मजेत होशील, चपलेचं रडगाणंही गाशील. तेच मला नको आहे. एकदा तू माझ्यासाठी गप्प बसलास ते पुरे. दुसरी म्हणजे येत्या शनिवारी सांगून टाकायचं. उडीचं सांगेन, ते जमेल. पायजम्याचं जमेल की नाही ते सेमिनरी हिल्सच्या चढावर कळेल. हे पत्र तुझ्या हातात पडेपर्यंत तो शनिवार होऊन गेलेला असेल, म्हणून उलट टपाली काही सुचवू नकोस. नुसतं तिकीट काढल्याचं कळव.

भडंग आण. दोन किलो, मंडळ मोठं आहे.

तुझा,
पंत

ता. क. सदाचा धाकटा हल्ली कुठे असतो? मिरजेतच का? त्याचा नंबर तुझ्याकडे असेल तर पाठव.