आधी छप्पर, मग रंग

मा. संपादक,
स.न.वि.वि.

स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर उभ्या केलेल्या वाफेच्या इंजिनांना रंग दिल्याचे फोटो अधूनमधून छापून येतात. काळाकुळकुळीत बॉयलर, लाल बंपर, चाकांवर पांढऱ्या रेघा. बघायला छान वाटते. त्या रंगाखाली काय असते, ते गेले दीड वर्ष दर रविवारी खरवडून बघतो आहे, म्हणून हे पत्र.

माझे वडील पूर्णेच्या लोकोशेडमध्ये फिटर होते. निजामाच्या काळात, 1900 च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद ही मीटरगेज लाइन सुरू झाली. आमच्या घरी जेवणाची वेळसुद्धा शिफ्टवर ठरायची. पुढे रूळ रुंद झाले आणि वाफेची इंजिने किलोच्या भावाने गेली. त्यातले एक, मालगाडी ओढणारे वायजी जातीचे इंजिन, मराठवाड्यातल्या एका जुन्या इंजिनघरात कसेबसे वाचले आहे. स्टेशनाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्या परवानगीचा कागद अजून कुणाच्या तरी टेबलावर आहे आणि तो रागाने फायलीत जाऊ नये, एवढीच इच्छा.

आम्ही सात-आठ जण आहोत. दोन निवृत्त फिटर, आयटीआयची तीन पोरे, एक शिक्षक, मी, आणि सगळे ज्यांना मिस्त्री म्हणतात ते ऐंशीच्या घरातले बॉयलरमेकर. पहिल्या रविवारी आम्ही उत्साहाने रंगाचे डबे घेऊन गेलो होतो. मिस्त्रींनी डब्यांकडे बघितलेही नाही. स्मोकबॉक्सचे, म्हणजे बॉयलरच्या पुढच्या धुराच्या पेटीचे, दार उघडायला लावले. नट गंजून बसलेले, डिझेल सोडून दोन रविवार वाट बघावी लागली. आत राखेचा ओला चिखल. कोळशाच्या राखेत गंधक असते, तिच्यात पाणी मुरले की आम्ल होते आणि खालचा पत्रा पापडासारखा होतो. पाणी आले कुठून? धुराड्यातून. तीस वर्षे त्या धुराड्यावर साधे झाकण नव्हते. मिस्त्री म्हणाले, “वरून रंग लावायलेत, अन् आत पाणी मुरायलंय. तेराव्याला नवे कपडे घातल्यागत झालं हे.”

दोनशे रुपयांच्या पत्र्याचे झाकण बसवले. दीड वर्षातले आमचे सर्वांत मोलाचे काम तेच.

मग फायरबॉक्स, म्हणजे कोळसा जळतो ती पेटी. आतल्या आणि बाहेरच्या पत्र्याला शेकडो स्टे, म्हणजे छोटे बोल्ट, जोडून धरतात. मिस्त्री छोट्या हातोडीने एकेक स्टे ठोकतात आणि कान लावतात. धड असलेला टणकन वाजतो, तुटलेला भद्द. पोरांना आधी फरकच कळेना. आता त्यातल्या एकीला कळतो. मिस्त्री खडूने फुली मारायच्या आधीच ती बोट ठेवते. हे कान कुठल्याही संग्रहालयाच्या काचेआड ठेवता येत नाहीत, आणि मिस्त्रींचे गुडघे आता इंजिनाखालच्या पिटात, म्हणजे खड्ड्यात, उतरू देत नाहीत.

हौशी मंडळींना एक इशारा. बॉयलरभोवतीचे जुने लॅगिंग, म्हणजे उष्णता धरून ठेवणारे आवरण, बहुधा ऍस्बेस्टॉसचे असते. त्याची धूळ फुप्फुसात गेली की निघत नाही. ते उचकटू नका. आम्हीही जाणकाराशिवाय त्याला हात लावलेला नाही.

खरे दुखणे छपराचे आहे. इंजिनघराच्या आढ्याला धूर जाण्यासाठी ठेवलेली फट आता फक्त पाऊस आणि पारवे आत घेते. निम्मे पत्रे उडालेत. तपासणीचा पिट जुलैत भरतो आणि इंजिन दिवाळीपर्यंत दमट हवेत उभे राहते. संबंधित कचेरीत पत्र्यांसाठी गेलो, तर सुशोभीकरणासाठी रंग आणि दिव्यांच्या माळा मिळतील, छपराचे हेड वेगळे, असे उत्तर मिळाले. हेड वेगळे असेलही, पाऊस तर एकच आहे.

हे अशक्य नाही. हरियाणात रेवाडीला 1893 चे मीटरगेज शेड दुरुस्त झाले आणि तिथे आजही इंजिनांत वाफ धरतात. वेल्समधली टॅलिलिन रेल्वे 1951 पासून स्वयंसेवकांच्या जिवावर धावते. आपल्याकडे लातूरपर्यंत पोहोचलेली अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे होती. तिच्या इंजिनांचा भार एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने चाकांच्या प्रत्येक आसामागे पाच टनांत बसवला होता. पुढे त्याच्याच देखरेखीखाली इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड ही तशीच छोटी रेल्वे झाली, 1904 साली. म्हणजे आपल्याकडे करून पाहिलेले तिकडे गेले. इकडे तो सगळा मार्ग रुंद झाला. गाड्या हव्याच होत्या, तक्रार नाही.

इंजिन पुन्हा धावावे असा आमचा हट्ट नाही. बॉयलरची पाण्याच्या दाबाची चाचणी, नव्या ट्यूब, हा खर्च आमच्या खिशातला नव्हे. मागणी दोनच: रविवारी आत जाण्याची लेखी परवानगी, आणि मृगाआधी छपरावर पत्रे. मजुरी आम्ही करू.

जाता जाता एक विनंती. इंजिनावरचे पितळ कधीच नाहीसे झाले आहे. इंजेक्टरचे नळ, प्रेशर गेज, शिट्टी. त्यातली शिट्टी कुणाच्या माळ्यावर पडली असेल, तर रविवारी सकाळी इंजिनघराच्या दाराशी ठेवून जा. कधी नेली, का नेली, कुणी विचारणार नाही.

— एका फिटरचा मुलगा, नांदेड