घड्याळाशी शर्यत आणि रस्त्यावरची शर्यत यांत गल्लत नको

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

शहराबाहेरच्या रस्त्यांवर रात्री-अपरात्री मोटारी पळवणाऱ्या तरुणांवर झालेल्या कारवाईची बातमी आपल्या दैनिकात वाचली. कारवाईबद्दल माझी तक्रार नाही. झाली तर ती उशिराच झाली. परंतु मोटारींच्या हौशी मंडळांनाही याच निमित्ताने कुलूप लावावे, असा जो सूर त्या बातमीतल्या नागरिकांच्या प्रतिक्रियांमध्ये होता, त्यात दोन अगदी निराळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

मी मोटार कारखान्यातून निवृत्त झालेला अभियंता आहे. गेल्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये भाच्याकडे असताना, एका रविवारी तो मला स्टॅफर्डशायरमधल्या लिचफील्डजवळ कर्बरो येथे घेऊन गेला. शेतांच्या मधोमध डांबराची एक अरुंद, वळणावळणाची पट्टी, कडेला गवतात लावलेल्या गाड्या आणि चहाची एक टपरी, एवढाच तो थाट. प्रेक्षकांसाठी भव्य सज्जे नाहीत की ध्वनिक्षेपकांचा गोंगाट नाही. तेथे 'स्प्रिंट' नावाचा प्रकार चालतो. एका वेळी एकच गाडी निघते, ठरलेले अंतर पार करते आणि तिला लागलेली वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत नोंदली जाते. शेजारी दुसरी गाडी नसते, त्यामुळे कुणाला मागे टाकायचे नसते, कुणाचा रस्ता अडवायचा नसतो. ताशी शंभर किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाच्या शंभराव्या भागात सुमारे अठ्ठावीस सेंटिमीटर पुढे सरकते, म्हणजे वीतभराहून थोडे अधिक. तेवढ्यासाठी ही माणसे पहाटे पाचला उठून येतात.

माझ्या मनावर सर्वाधिक ठसली ती स्पर्धेपूर्वीची छाननी. ब्रेक, सुकाणू, टायर, आसनपट्टे हे तर तपासतातच. शिवाय बॅटरीची जमिनीशी जोडणारी तार पिवळ्या खुणेने दाखवलेली आहे की नाही, हेही पाहतात, कारण अपघात झालाच तर मदतीला धावणाऱ्याला ती तार शोधत बसावे लागू नये. गाडीच्या नाकावर सुमारे दहा इंच उंचीची काळी पट्टी उभी लावावी लागते, कारण वेळ मोजणाऱ्या यंत्राचा प्रकाशझोत तोडण्यासाठी प्रत्येक गाडीला समान कडा असली पाहिजे, मग ती गाडी घरची छोटी हॅचबॅक असो वा खास बांधलेली एकआसनी. निघताना मागच्या चाकाखाली ठोकळा सरकवतात. हिरवा दिवा लागला तरी घाई नसते, चालकाने तयार झाल्यावर निघायचे. घड्याळ सुरू होते ते गाडीने झोत तोडल्यावरच. हा तपशील मला फार आवडला, कारण त्यामुळे रस्त्यावरच्या शर्यतीतला सर्वांत घातक भाग, म्हणजे दिवा हिरवा होताच दुसऱ्याच्या आधी उसळण्याची ईर्ष्या, मुळातूनच निघून जातो.

माझ्या भाच्याची गाडी वीस वर्षांची जुनी माझदा एमएक्स-५ आहे आणि त्याच गाडीने तो आठवडाभर कामावर जातो. दुसऱ्या फेरीत त्याने एका वळणावर जास्त हिंमत केली, गाडी गरकन फिरली आणि गवतात जाऊन थांबली. लगेच लाल निशाण झाले, पुढची गाडी रोखली गेली, मार्शल धावले. तो उतरला, हसला, स्वतःवरच चिडला आणि दुपारच्या फेरीसाठी पुन्हा रांगेत उभा राहिला. हीच चूक रिंगरोडवर झाली असती तर समोरून येणाऱ्या दुचाकीवरच्या कुटुंबाचे काय झाले असते, हे सांगायला नकोच.

हा प्रकार परका वाटत असल्यास खेड, आंबेगाव, जुन्नरच्या घाटांकडे पाहावे. तेथे बैलगाडे एकामागून एक सुटतात, प्रत्येक बारीचे सेकंद मोजले जातात आणि कमी वेळेचा गाडा 'घाटाचा राजा' ठरतो. कर्बरोमध्येही दिवसातल्या सर्वांत वेगवान वेळेला नेमका तोच मान आहे. बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली आणि मे २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने राज्याचा कायदा वैध ठरवला, तो जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीच्या व अटींच्या चौकटीतच. बैलांसाठी जी चौकट उभी राहू शकते ती यंत्रासाठी का नको?

कायदाही याच्या आड येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ नुसार सार्वजनिक ठिकाणी शर्यत वा वेगाची चाचणी करणे गुन्हा आहे; २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. परंतु हे कलम 'राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय' केलेल्या शर्यतीला लागू आहे, हे शब्द बहुधा कुणी वाचत नाही. आमच्या परिसरातल्या काही तरुणांनी एका मोकळ्या जागेवर शंकू मांडून ऑटोक्रॉस, म्हणजे अशीच घड्याळाशी स्पर्धा, घेण्यासाठी अर्ज केला, तेव्हा एका कार्यालयाने त्यांना दुसऱ्याकडे पाठवले, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि तिसऱ्याने पुन्हा पहिल्याकडे. त्यांनी अर्जासोबत रुग्णवाहिका, अग्निशामक आणि विम्याची व्यवस्था जोडली होती. त्यातले दोघे आता रात्री रस्त्यावर दिसतात, असे ऐकतो. ते चुकलेच, पण रांगेत उभे राहायला ते आधी तयार होते.

सरकारने कोट्यवधींचा सर्किट बांधावा असे मी म्हणत नाही. मद्रासजवळच्या शोलावरम येथे महायुद्धकालीन धावपट्टीवर कित्येक दशके शर्यती झाल्या, मग १९९० साली इरुंगट्टुकोट्टैचा ट्रॅक सुरू झाला. सुरुवात साध्या जागेवरूनच होते. औद्योगिक वसाहतींमधली अजून न वापरलेली मोठी फरसबंद जागा वर्षातून चार रविवार, दिवसाउजेडी, ठरावीक शुल्क घेऊन आणि फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडियाच्या नियमांखाली मान्यताप्राप्त मंडळांना द्यावी आणि अर्ज एकाच खिडकीवर स्वीकारावा, एवढीच मागणी आहे. कर्कश सायलेन्सर बसवलेल्या गाडीला छाननीतच घरी पाठवावे, ही अटही मंडळांनी आनंदाने मान्य करावी. शेजारच्या वस्तीची झोप उडवून कुठलाही छंद टिकत नाही.

आपल्याकडेही एक विनंती आहे. बैलगाड्यांचे सेकंद आपण आवर्जून छापता. जिल्ह्यात ऑटोक्रॉस होईल तेव्हा त्याचेही निकाल क्रीडापानावर, गाडीच्या नावासह आणि सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत, छापावेत.

आपला,
एक निवृत्त अभियंता, चिंचवड, पुणे