लग्नाचे सगळे फोटो त्याच रात्री मागू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी लग्नाचे फोटो काढतो, पोट त्याच्यावरच आहे. हल्ली जवळपास प्रत्येक लग्नात एक मागणी येतेच, की जेवढे काढलेत तेवढे सगळे फोटो पेनड्राइव्हवर टाकून द्या, आज रात्रीच द्या, एडिटिंग वगैरे काही नको. घरच्यांची घाई मी समजू शकतो, पण यात नुकसान त्यांचंच होतं म्हणून हे पत्र लिहितोय.

एका लग्नात दोन-तीन हजार फोटो सहज होतात. मोठा ग्रुप असला की लागोपाठ सात-आठ फोटो घ्यावेच लागतात, कारण कोणाचे तरी डोळे मिटलेले असतातच, आणि मग कॉम्प्युटरवर 100 टक्के झूम करून एकेक चेहरा बघत बसायचं, कुठल्या फ्रेममधे सगळे नीट आहेत ते शोधायचं. हे कॅमेऱ्यावर होतच नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांचा मागचा स्क्रीन साधारण 10 लाख डॉटचा असतो, तीन डॉट मिळून एक पिक्सेल, म्हणजे फार तर 3.5 लाख पिक्सेल, आणि फोटो असतो 2 कोटी 40 लाख पिक्सेलचा! एवढ्याशा स्क्रीनवर हललेला फोटोही शार्प वाटतो आणि चांगला फोटो उन्हात काळपट वाटतो. म्हणून "हा माझा डिलीट करा हो" असं कोणी म्हटलं तरी मी तिथल्या तिथे काही उडवत नाही.

आता कोणी म्हणेल एआय आहे की, कलिंग म्हणजे चांगले-वाईट फोटो निवडायचं काम तोच करेल. मी पण वापरतो, एकसारखे फोटो वेगळे काढायला मस्त आहे. पण मुलगी वडिलांना मिठी मारते तेव्हा तिचे डोळे मिटलेलेच असतात ना, आणि सॉफ्टवेअर तोच फोटो डोळे मिटले म्हणून रिजेक्टमधे टाकू शकतं. आजोबा एकदाच खळखळून हसले आणि नेमका तिथे फोकस जरासा हुकला, तर तो फोटो ठेवायचा की नाही हे माणसानेच बघायचं असतं. मी ठेवतो. या बघण्यालाच दिवस लागतात, आणि माझ्या मते आमच्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे.

रॉ फाइल्स, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या फाइल्स, मागणाऱ्यांनाही एक सांगतो. 14 बिट रॉमधे प्रत्येक रंगाच्या 16,384 पायऱ्या असतात, जेपेगमधे 256, त्यामुळे रॉमधला अंधारलेला चेहरा एडिट करताना उजळता येतो. पण न एडिट केलेली रॉ फिकी दिसते, बऱ्याच मोबाइलवर तर उघडतही नाही, मग लोकांना वाटतं फोटोच वाईट आलेत.

आणि त्या रात्री आम्ही रिकामे बसलेले नसतो हो. दोन्ही कॅमेऱ्यांची कार्डं उतरवायची, फाइल्स मोजून उघडून बघायच्या, कॅमेऱ्यांच्या घड्याळात फरक असेल तर वेळ जुळवायची नाहीतर क्रमाचा सगळा घोळ होतो. पीटर क्रोग या फोटोग्राफरने रूढ केलेला 3-2-1 नियम मी पाळतो, तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. ते झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही म्हणजे नाही, मग दुसऱ्या दिवशी दुसरं लग्न का असेना.

हीच काळजी घरच्यांनीही घ्यावी असं मनापासून वाटतं. एकच पेनड्राइव्ह कपाटात ठेवून निश्चिंत होऊ नका. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होऊन जातो, त्यातून मोठी प्रिंट नीट येत नाही, ओरिजिनल हवा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

बुकिंग करताना तारीख आणि पैसे याच्यापुढे कोणी फारसं विचारत नाही. निवडलेले फोटो किती आठवड्यात मिळणार, बॅकअप कुठेकुठे ठेवता आणि ओरिजिनल फाइल्स किती महिने सांभाळणार, हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या.

आपला,
एक वेडिंग फोटोग्राफर